एकाच केबलवर घरचे दोन रेकॉर्डर

घरात दूरचित्रवाणीचा संच एक आणि त्यापुढे बसणारी माणसे सात, ही स्थिती आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. आजीची मालिका आणि नातवंडांचा क्रिकेटचा सामना नेमके एकाच घटकेला लागतात, आणि घरच्या कर्त्या पुरुषाला बातम्याही त्याच वेळी हव्या असतात. ह्या नित्याच्या तंट्यावर तोड म्हणून कार्यक्रम साठवून ठेवणारा रेकॉर्डर निघाला. एक कार्यक्रम पाहावा, दुसरा यंत्राने साठवावा, आणि सवड होईल तेव्हा तो लावून बघावा. ह्याहून सोयीची गोष्ट ती कोणती?

परंतु रेकॉर्डर घरी आला की दुसराच प्रश्न उभा राहतो. बसवणारा माणूस छपराकडे बघतो आणि म्हणतो, "ह्याला डिशपासून दोन केबल लागतील." जांभ्या दगडाच्या दीड हात रुंद भिंतीतून एक केबल आत आणताना काय यातायात झाली होती ती ज्याची त्याला ठाऊक असते. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांचीही हीच अडचण. इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी आपल्या गोव्याची पुष्कळ कुटुंबे जाऊन राहिली आहेत; भाड्याच्या घरात भिंतीला दुसरे भोक पाडावयाचे म्हटले की घरमालकाची संमती मिळणे कठीण. मग कोणी म्हणतो, "दोन रुपड्यांचा स्प्लिटर लावा, काम झाले." कोणी म्हणतो, "छे! एका केबलवर दोन रेकॉर्डर कालत्रयी चालणार नाहीत."

ही दोन्ही मते चुकीची आहेत. एका केबलवर दोनच काय, आठ रेकॉर्डरदेखील निर्वेधपणे चालू शकतात. मात्र त्यासाठी छपरावर योग्य यंत्र हवे आणि घरातील प्रत्येक बॉक्सने आपापली शिस्त पाळावयास हवी. ही शिस्त काय आहे आणि ती मोडली असता आपल्या नकळत साठवणीचा नाश कसा होतो, हे आजच्या लेखात सोप्या शब्दांत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

डिशची केबल ही अँटेनाची केबल नव्हे

हार्ड डिस्कवर चित्र साठवणारी पहिली घरगुती यंत्रे अमेरिकेत १९९९ साली विक्रीस आली. ब्रिटनमध्ये स्काय कंपनीने २००१ साली 'स्काय प्लस' हा उपग्रहावरील कार्यक्रमांचा रेकॉर्डर आणला. आपल्याकडे टाटा स्काय कंपनीने २००८ साली 'टाटा स्काय प्लस' आणला. ह्या कंपनीचे नाव २०२२ पासून टाटा प्ले असे आहे. ह्या दोन्ही रेकॉर्डरांत दोन ट्यूनर होते. ट्यूनर म्हणजे बॉक्समधील तो भाग, जो आलेल्या लहरींतून हवी तेवढीच वेचून घेतो. पाहावयाच्या वाहिनीसाठी एक ट्यूनर आणि साठवावयाच्या वाहिनीसाठी दुसरा, अशी ती वाटणी. आणि प्रत्येक ट्यूनरला डिशपासून स्वतंत्र केबल.

जुन्या वाचकांना येथे साहजिकच प्रश्न पडेल. १९८० च्या दशकात छपरावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना असे. तिची एकच तार खाली येई आणि ती दुभागून दोन संचांना जोडली तरी दोन्ही संच खुशाल निरनिराळी केंद्रे दाखवीत. मग डिशला हे का जमू नये?

कारण असे की अँटेनाच्या तारेतून सर्व केंद्रे एकदम खाली येत असत. ज्याने त्याने आपल्याला हवे ते वेचावे. डिशच्या केबलमधून सर्व वाहिन्या एकदम येत नाहीत. मागितलेला हिस्साच तेवढा येतो.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तेथून येणाऱ्या क्षीण लहरी डिश एकवटते आणि तिच्या तोंडासमोर दांडीवर बसवलेल्या डबीत, म्हणजे एलएनबीत, सोडते. युरोपात सर्वत्र रूढ असलेल्या एलएनबीचे आकडे आम्ही येथे देतो. विचार कळला की आकडे बदलले तरी अडत नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या ह्या लहरी १०.७ पासून १२.७५ गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरलेल्या असतात. शिवाय त्यांच्या दोन जाती असतात: उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या आणि आडव्या दिशेने कंप पावणाऱ्या. प्रत्येक जातीचा पसारा २,०५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे दोहोंचा मिळून ४,१०० मेगाहर्ट्‌झ. आता केबलमधून खाली आणावयाची वाट किती रुंद? ९५० पासून २,१५० मेगाहर्ट्‌झपर्यंत, म्हणजे अवघी १,२०० मेगाहर्ट्‌झ. साडेतीन पायल्या भात एका पायलीच्या मापात मावेल काय?

म्हणून लहरींचे चार हिस्से केलेले आहेत: उभ्या लहरींचा खालचा व वरचा, आणि आडव्या लहरींचा खालचा व वरचा. खालचा हिस्सा ११.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत, वरचा त्यापुढे. एका वेळी केबलमधून ह्या चारांपैकी एकच हिस्सा उतरतो. कोणता उतरवावयाचा, हे घरातील बॉक्स एलएनबीला त्याच केबलमधून वीज पाठवून सांगतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरी, १८ व्होल्ट पाठवले तर आडव्या. त्या विजेवर २२ किलोहर्ट्‌झचा एक सूर चढवला तर वरचा हिस्सा, न चढवला तर खालचा.

आता एकाच केबलच्या टोकाला दोन ट्यूनर बसले आहेत अशी कल्पना करा. आजीच्या मालिकेसाठी एकाला १३ व्होल्ट मागावयाचे आहेत, आणि सामन्यासाठी दुसऱ्याला १८. एलएनबी दोघांचे कसे ऐकणार? जास्त व्होल्ट मागणाऱ्याची सरशी होते, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढीच पाटी उरते. दोन केबल लागतात त्या ह्याच कारणासाठी. बसवणारा माणूस उगीच खर्चात पाडतो असे नव्हे.

अर्धेमुर्धे उपाय

साधा स्प्लिटर का पुरत नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानी आलेच असेल. तो लहरींचे दोन वाटे करतो, परंतु दोन मागण्यांचा मेळ घालू शकत नाही. त्यातही गावच्या केबलवाल्यांच्या कामाचे पुष्कळसे स्प्लिटर सुमारे १,००० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्याच लहरींसाठी बनवलेले असतात. डिशच्या कामी ते निरुपयोगीच.

तथापि एका प्रसंगी चांगल्या प्रतीचा स्प्लिटर पुरतो, आणि तो प्रसंग आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाचा आहे. आपल्याला हव्या असलेल्या सर्व वाहिन्या जर एकाच हिश्शात असतील, तर तंटा उद्‌भवतच नाही. हे पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. बॉक्सच्या 'ट्यून' यादीत प्रत्येक आकड्यापुढे उभ्या वा आडव्या जातीचे अक्षर असते. सर्व आकड्यांपुढे एकच अक्षर असेल, आणि सर्व आकडे ११,७०० च्या एकाच अंगाला असतील, तर दोन्ही ट्यूनर एकच मागणी करणार. तेथे महागडी व्यवस्था विकत घेण्याचे कारण नाही. पैसे खर्चण्यापूर्वी ही यादी एकदा अवश्य बघावी.

दुसरा उपाय ब्रिटनमध्ये पुष्कळांनी केला. तेथे २००८ साली फ्रीसॅट ही निःशुल्क उपग्रहसेवा सुरू झाली आणि तिचे दोन ट्यूनरांचे रेकॉर्डर घरोघरी गेले. ज्यांच्या घरी एकच केबल होती त्यांनी ती पहिल्या ट्यूनरला जोडून तेथून दुसऱ्याला पुढे नेली. रेकॉर्डर चाले, परंतु लंगडत. पहिला ट्यूनर ज्या हिश्शावर असेल त्याच हिश्शातील वाहिनी दुसऱ्याला मिळे. इतर वाहिन्या तेवढा वेळ बंद. दोन कार्यक्रम एका हिश्शातील निघाले तर आनंद, न निघाले तर पुन्हा तोच जुना तंटा.

तिसरा उपाय थर रचण्याचा. डिशजवळ एक यंत्र बसवावे; त्याने एलएनबीच्या दोन केबलांपैकी एकीच्या लहरी जशाच्या तशा ठेवाव्या आणि दुसरीच्या लहरी अधिक वरच्या पट्टीत उचलून एकाच केबलमध्ये घालाव्या. घरात दुसऱ्या यंत्राने त्या पुन्हा खाली उतरवून दोन ट्यूनरांना द्याव्या. ब्रिटनमध्ये दोन ट्यूनरांच्या रेकॉर्डरांसाठी ह्या जोडीचा उपयोग झाला. उपाय नामी आहे, पण वरच्या पट्टीतील लहरी केबलमध्ये फार झिजतात. म्हणून केबल उत्तम आणि आखूड असावी लागते. शिवाय दोहोंपेक्षा अधिक ट्यूनरांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पाण्याच्या पाळीसारखी व्यवस्था

खरा उपाय निघाला तो मागणीची रीतच बदलून. एका हिश्शातील शेकडो वाहिन्या घरात आणून त्यांतून एक वेचण्याऐवजी, प्रत्येक ट्यूनरला हवी तेवढीच पट्टी छपरावर कापून घ्यावी आणि तीच खाली पाठवावी. उपग्रहावरील एका प्रक्षेपकाची पट्टी, जिच्यात अनेक वाहिन्या एकत्र बांधलेल्या असतात, साधारण २६ ते ३६ मेगाहर्ट्‌झ रुंद असते. केबलची वाट १,२०० मेगाहर्ट्‌झ. अशा अनेक पट्ट्या तिच्यातून शेजारी शेजारी सुखाने उतरू शकतात.

ह्या व्यवस्थेचे नियम युरोपात २००७ साली 'ईएन ५०४९४' ह्या मानकाने ठरवून दिले. तिला एससीआर म्हणतात. बाजारात 'युनिकेबल' ह्या नावाने ती अधिक ओळखली जाते. हिची घडण अशी. घरातील प्रत्येक ट्यूनरला केबलमधील एक कायमची जागा नेमून दिलेली असते. एका प्रचलित एलएनबीत १,२१०, १,४२०, १,६८० आणि २,०४० मेगाहर्ट्‌झ अशा चार जागा आहेत. पहिला ट्यूनर सदैव १,२१० वरच कान देऊन बसतो, दुसरा १,४२० वर, ह्याप्रमाणे पुढे. वाहिनी कोणतीही लावा, ट्यूनर आपली जागा सोडत नाही. त्याला हवी असलेली पट्टी त्याच्या जागेवर आणून ठेवण्याचे काम छपरावरील एलएनबीचे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, रेकॉर्डरला आडव्या लहरींतील ११,३६२ मेगाहर्ट्‌झवरची पट्टी साठवावयाची आहे. साधा एलएनबी ह्यातून ९,७५० वजा करून ती १,६१२ वर उतरवतो. नव्या व्यवस्थेत एलएनबी ती १,६१२ वरून उचलतो आणि १,२१० वर ठेवतो. त्याच वेळी दुसऱ्या ट्यूनरला ११,८३६ वरची पट्टी हवी आहे. ती वरच्या हिश्शात, म्हणून तिच्यातून १०,६०० वजा होऊन ती येते १,२३६ वर. तेथून तिची रवानगी १,४२० वर. दोन पट्ट्या निरनिराळ्या हिश्शांतील, परंतु दोन्ही एकाच केबलमधून, एकमेकींना धक्का न लावता घरात उतरल्या. साध्या केबलला जे अशक्य होते ते येथे सहज साधले.

आता राहिला प्रश्न मागणी करण्याचा. केबल एकच, मग चार ट्यूनरांनी आपापली मागणी छपरावर कशी कळवावी? ह्यासाठी 'डायसेक' नावाची भाषा उपयोगात आणतात. युटेलसॅट ह्या युरोपीय उपग्रह संस्थेने ती १९९० च्या दशकात रूढ केली. त्याच २२ किलोहर्ट्‌झच्या सुराचे लहानमोठे तुकडे करून बॉक्स तिच्याद्वारे एलएनबीशी बोलतो. एरवी सर्व ट्यूनर १३ व्होल्टवर शांत असतात. ज्याला वाहिनी बदलावयाची असेल तो क्षणभर १८ व्होल्टवर चढतो, आपले मागणे पाच अक्षरांच्या संदेशात सांगतो, आणि लगेच १३ वर उतरून वाट मोकळी करतो. ही पाच अक्षरे सांगावयास ६७.५ मिलिसेकंद लागतात. पुढचा-मागचा अवधी धरून सारे काम सुमारे एक दशांश सेकंदात आटोपते.

आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. आपल्या पाळीला शेतकऱ्याने बांध फोडावा, वाफे भिजवावे आणि बांध पुन्हा घालून मोकळे व्हावे. ही व्यवस्था त्याच जातीची आहे. फरक इतकाच की येथे पाळी लावून देणारा पाटकरी कोणी नाही. दोन ट्यूनर योगायोगाने एकाच क्षणी बोलू लागले तर दोघांचेही मागणे एलएनबीला कळत नाही. मग दोघेही वाट बघतात आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने निवडलेल्या निरनिराळ्या क्षणानंतर पुन्हा बोलतो. बहुधा दुसऱ्या खेपेला काम होते. पाहणाऱ्याला एवढेच जाणवते की वाहिनी लागावयास किंचित उशीर झाला.

जेथे घोटाळा होतो

ही व्यवस्था बसवली आणि ती बिघडली, अशा तक्रारी पुष्कळ ऐकू येतात. बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. घरातील एखादा बॉक्स शिस्त मोडीत असतो. असे तीन प्रकार वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिला प्रकार, दोन बॉक्सांना एकच जागा नेमली जाणे. नवा बॉक्स विकत आणला की तो बहुधा पहिलीच जागा धरून बसतो. जुना रेकॉर्डरही पहिल्याच जागेवर असेल, तर नव्या बॉक्सवर कोणी वाहिनी बदलली की जुन्याच्या जागेवरची पट्टीही बदलते. रात्री रेकॉर्डर आजीची मालिका साठवीत असतो. तेवढ्यात आतल्या खोलीत नातू दुसरी वाहिनी लावतो. त्या घटकेपासून आजीच्या मालिकेच्या जागी कोरा पडदा साठवला जातो. ह्यातील खरी हानी अशी की त्या वेळी कोणालाच काही कळत नाही. पाहताना चित्र गेले तर माणूस उठून काहीतरी करील. साठवण फुकट गेली हे कळते दुसऱ्या दिवशी, आणि तोवर तो कार्यक्रम निघून गेलेला असतो. पुनःप्रक्षेपण होणार नसेल तर तो कायमचाच गेला.

दुसरा प्रकार ह्याहूनही त्रासाचा. एखादा बॉक्स नव्या रीतीसाठी जुळवलेलाच नसतो. तो जुन्या सवयीने १८ व्होल्ट धरून बसतो किंवा अखंड सूर लावून ठेवतो. पाटाचा बांध एकाच शेतकऱ्याने रात्रभर फोडून ठेवावा, तसे हे होते. इतर ट्यूनरांच्या जागेवर आधी आणून ठेवलेल्या पट्ट्या चालू राहतील, परंतु नवी मागणी कोणाचीच पुरी होणार नाही. म्हणून 'अमुक वाहिनी दिसते, पण बदलत नाही' अशी तक्रार आली की प्रथम ह्या हट्टी बॉक्सचा शोध घ्यावा. एकेक बॉक्सची केबल सोडून पाहावी. ज्याची सोडल्याने बाकीचे सुरळीत होतील तो अपराधी.

तिसरा प्रकार स्प्लिटरचा. एकाच केबलवर अनेक बॉक्स म्हटल्यावर घरात ती केबल फोडावी लागतेच. त्यासाठी २,१५० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा, प्रत्येक मुखातून वीज वर जाऊ देणारा, परंतु एका बॉक्सची वीज दुसऱ्यात शिरू न देणारा स्प्लिटर घ्यावा. काही स्प्लिटर एकाच मुखातून वीज जाऊ देतात. तसला लावल्यास एक बॉक्स चालेल आणि दुसरा मुका राहील.

ह्या तिन्हींवर एक साधा इलाज आम्ही सुचवतो. एका कागदावर प्रत्येक बॉक्सचे नाव, त्याच्या जागेचा क्रमांक आणि मेगाहर्ट्‌झचा आकडा लिहावा. जागेचा क्रमांक आणि आकडा ह्यांची जोडी एलएनबीच्या वेष्टनावर वा अंगावर छापलेली असते. ती जशीच्या तशी बॉक्समध्ये भरावी. काही कारखाने जागा शून्यापासून मोजतात, काही एकापासून, म्हणून क्रमांकापेक्षा मेगाहर्ट्‌झच्या आकड्यावर अधिक भरवसा ठेवावा. दोन ट्यूनरांच्या रेकॉर्डरला दोन जागा लागतात, हेही विसरू नये. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. नवा बॉक्स आला की आधी कागद पाहावा, रिकामी जागा द्यावी, आणि मगच केबल जोडावी. एका पैचा खर्च नाही, आणि पुष्कळ मनस्ताप वाचतो.

केबल आणि पाऊस

सगळा भार एकाच केबलवर, म्हणून ती केबल चांगली हवी हे ओघानेच आले. डिशसाठी ७५ ओहमची केबल वापरतात. स्वस्त केबलच्या मधली तार पोलादी असून तिच्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो. लहरींना तो मुलामा पुरतो. परंतु एलएनबीसाठी वर जाणाऱ्या विजेला पोलाद अडथळा करते, आणि लांब केबलच्या टोकाला व्होल्ट कमी पडतात. साध्या एलएनबीपेक्षा ह्या नव्या एलएनबीला वीजही अधिक लागते. म्हणून मधली तार सबंध तांब्याची असेल तीच केबल घ्यावी.

शिवाय वरच्या पट्टीतील लहरी खालच्या पट्टीतील लहरींपेक्षा केबलमध्ये अधिक झिजतात. २,०४० मेगाहर्ट्‌झच्या जागेवरचा बॉक्स वरचेवर अडत असेल आणि १,२१० चा नीट चालत असेल, तर दोष बॉक्सचा नसून लांब, जुन्या किंवा ओल शिरलेल्या केबलचा असण्याचा संभव मोठा. दूरच्या खोलीतील बॉक्सला खालची जागा आणि जवळच्याला वरची जागा दिली तरी पुष्कळ काम भागते.

कोकण-गोव्याच्या पावसाची वेगळी कथा सांगावयास नको. मुसळधार पावसात लहरीच क्षीण होतात. त्यावर कोणाचा इलाज नाही, आणि त्या सरीतली साठवण खंडित होणारच. परंतु सांध्यातून केबलमध्ये शिरणारे पाणी मात्र टाळता येते. एलएनबीला केबल जोडतो त्या सांध्यावर रबरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल आणि भोकातून आत येणार नाही. मृग लागण्यापूर्वी कौले चाळताना हा सांधाही एकदा पाहून घ्यावा.

पुढे काय निघाले आणि कोणी काय करावे

पहिल्या मानकात एका केबलवर आठ जागांची सोय होती. २०१३ साली 'ईएन ५०६०७' हे दुसरे मानक आले आणि जागा बत्तीसपर्यंत वाढल्या. अमेरिकेत डायरेक्टीव्ही कंपनीने ह्याच तत्त्वावर स्वतःची निराळी व्यवस्था बसवली. ब्रिटनच्या स्काय कंपनीने २०१६ साली आणलेल्या 'स्काय क्यू' ह्या रेकॉर्डरसाठी निराळाच मार्ग धरला: हिश्शांची भानगडच नको म्हणून सगळ्या उभ्या लहरी एका केबलमधून आणि सगळ्या आडव्या दुसरीतून, अधिक रुंद वाटेने खाली आणल्या. त्या मार्गात केबल मात्र दोनच राहिल्या. २०१२ साली 'सॅट-आयपी' ही रीतही पुढे आली. तिच्यात उपग्रहाच्या लहरींचे संगणकाच्या जाळ्यात चालणाऱ्या रूपात रूपांतर करून त्या घरभर खेळवतात.

ह्यांपैकी कोणाला काय योग्य? ज्याच्या घरात एकच बॉक्स आहे त्याने ह्या फंदात पडूच नये. ज्याला दुसरी केबल सुखाने आत घेता येते त्याने दोन मुखांचा साधा एलएनबी आणि दुसरी केबल हाच मार्ग धरावा. त्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. ज्याच्या वाहिन्या एकाच हिश्शात आहेत त्याला स्प्लिटर पुरेल. आणि ज्याला भिंत फोडता येत नाही, पण दोन वा अधिक ट्यूनर चालवावयाचे आहेत, त्याच्यासाठी ही एका केबलची व्यवस्था आहे. मात्र ती घेण्यापूर्वी आपला बॉक्स ही भाषा बोलतो की नाही ते त्याच्या मांडणीच्या यादीत पाहावे. तेथे 'युनिकेबल' किंवा 'एससीआर' असा शब्द असावा लागतो. नसेल तर नवा एलएनबी त्याच्या कामाचा नाही. भारतातील खाजगी सेवांचे बॉक्स आणि एलएनबी त्या त्या कंपनीने दिलेले असतात. तेथे स्वतः हात घालण्याआधी कंपनीस विचारावे हे उत्तम.

आणि एक सूचना घरातील वडीलधाऱ्यांसाठी. व्यवस्था बसवून झाली की बसवणारा माणूस दारात उभा असतानाच तिची परीक्षा घ्यावी. एका ट्यूनरवर आडव्या लहरींची वाहिनी पाहावी, त्याच वेळी दुसऱ्यावर उभ्या लहरींची वाहिनी दहा मिनिटे साठवावी, आणि तेवढ्या वेळात घरातील इतर सर्व बॉक्सांवर मुलांनी भराभर वाहिन्या बदलाव्या. मग साठवलेली दहा मिनिटे आरंभापासून अखेरपर्यंत पाहून घ्यावी. तीत खंड नसेल तर त्याचे पैसे चुकते करावे.

सारांश, केबलची संख्या हा मूळ प्रश्न नव्हेच. केबल एक असली तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असावी, प्रत्येकाने थोडक्यात बोलावे आणि बोलून झाले की वाट सोडावी, एवढे झाले की सर्वांचे भागते. मग मालिका आठ वाजता लागते म्हणून आजीने जेवण अर्धे टाकून उठण्याचे कारण उरत नाही, आणि सामन्यासाठी मुलांनी कोणाशी भांडण्याचेही नाही. सर्वांनी सावकाश एकत्र जेवावे. कार्यक्रम कोठे जात नाही.